हिमनगाला घंटा नसते

टायटॅनिकला कान होते. १९१२च्या ब्रिटिश चौकशी अहवालात जहाजावरील साधनसामग्रीचे जे वर्णन आहे, त्यात ‘सबमरीन सिग्नल’ कंपनीच्या यंत्रणेची स्पष्ट नोंद सापडते. जहाजाच्या डाव्या आणि उजव्या कुशीत, पाण्याच्या पातळीखाली, आतल्या बाजूने छोट्या टाक्या बसवलेल्या होत्या. त्या टाक्यांत मायक्रोफोन होते आणि त्यांच्या तारा वर अधिकाऱ्यांच्या नौकानयन कक्षापर्यंत नेलेल्या होत्या. समुद्राच्या पोटातला आवाज ऐकण्याची सोय असलेले हे जहाज १४ एप्रिल १९१२च्या रात्री हिमनगावर आदळले आणि सुमारे १,५०० माणसे प्राणास मुकली.

मग ते कान ऐकत तरी काय होते?

ते घंटा ऐकत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांवर, धोक्याच्या जागी नांगरलेल्या दीपनौकांखाली पाण्यात घंटा टांगलेल्या असत. दाट धुक्यात दिवा दिसेनासा होतो, हवेतला भोंगा वाऱ्यावर विरून जातो. पाण्यातली घंटा मात्र कित्येक मैलांवरून ऐकू येते. डाव्या मायक्रोफोनमध्ये आवाज मोठा असेल तर घंटा डाव्या हाताला, उजव्यात मोठा असेल तर उजव्या हाताला. अत्यंत साधी आणि उपयुक्त युक्ती. तिच्यात एकच उणीव होती. धोक्याच्या जागी आधी कोणीतरी घंटा बांधलेली असावी लागे.

आजचा धागा या उणिवेचा इतिहास सांगतो. जे स्वतः आवाज करत नाही, असे पाण्यातले संकट ओळखायचे कसे? आज आपण ज्याला सोनार म्हणतो, त्याचा जन्म या प्रश्नातून झाला. मात्र जन्मल्यावर ते बाळ भलत्याच घरी वाढले, आणि मूळ प्रश्न त्यानंतरही दीर्घकाळ तसाच राहिला.

थोडे मागे जाऊ. यंत्रे येण्यापूर्वी खलाशांपाशी शिसाचा ओळंबा होता. दोरीला शिसाचे वजन बांधायचे, ते पाण्यात सोडायचे आणि तळ लागला की किती वाव दोरी गेली ते मोजायचे. दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर म्हणजे एक वाव, साधारण सहा फूट. हे माप आपल्या कोकण किनाऱ्यावरही चालत आले आहे. शिसाच्या बुडाला खोबण असे आणि तिच्यात चरबी भरत. तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा त्या चरबीला चिकटून वर येई. मुरलेला नाविक ती चरबी पाहून आपण कोठे आहोत याचा अंदाज बांधी. मिसिसिपी नदीवरील आगबोटींवर दोन वाव पाणी लागले की ‘मार्क ट्वेन’ अशी आरोळी उठे. सॅम्युएल क्लेमेन्स या माजी सुकाणूदाराने पुढे तीच आरोळी आपले लेखणीनाम म्हणून घेतली, हे बहुतेकांना ठाऊक असेलच.

ओळंब्याची मर्यादा उघड आहे. दोरी खाली जाते, पुढे जात नाही. शिवाय एका ठिकाणी चाळीस फूट पाणी लागले आणि पन्नास पावलांवर पुन्हा चाळीस लागले, तरी त्या दोहोंच्या मधोमध सुळका उभा असू शकतो.

पाण्यातून आवाज किती वेगाने जातो, हे मात्र फार आधी कळले होते. १८२६ साली जिनिव्हा सरोवरावर जाँ-दानिएल कोलादों आणि शार्ल स्तुर्म यांनी तो सुंदर प्रयोग केला. रोल गावाजवळच्या नावेतून पाण्यातली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी नावेवर दारू पेटवून उजेड पाडायचा. पलीकडे, साडेतेरा किलोमीटरांवर तोनों गावाजवळ, कोलादों रात्रीच्या काळोखात पाण्यात एक लांब कर्णा बुडवून बसलेला. उजेड दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की बंद. उत्तर आले सेकंदाला १,४३५ मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. आधुनिक मोजमापाशी हा आकडा फार जवळचा आहे. पुढे अमेरिकन नौदलातील मॅथ्यू मॉरी यांनी खोल समुद्रात स्फोट करून, घंटा वाजवून तळाचा प्रतिध्वनी मिळतो का ते पाहिले. समुद्र मौन राहिला. आवाज तळाशी जाऊन परतत असणार, पण तो टिपणारा चांगला कान अजून घडला नव्हता.

आता पुन्हा १९१२कडे.

टायटॅनिक बुडाल्यावर आठवडाही लोटला नव्हता, तेव्हा लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने एका कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. हवेत आवाजाची तीव्र लहर सोडायची आणि समोरच्या अडथळ्यावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून त्याचे अंतर काढायचे. पुढच्याच महिन्यात त्याने पाण्याखालच्या आवाजासाठी दुसरा अर्ज केला. त्याचा प्राथमिक प्रयोग ऐकला तर हसू येईल. वाइट बेटाजवळ त्याची पत्नी डोरोथी होडी वल्हवत होती आणि हा गृहस्थ शिट्टी फुंकून, कानामागे उघडी छत्री धरून धक्क्यावरून येणारा प्रतिध्वनी ऐकत होता. छत्रीचा अंतर्वक्र कापडी घुमट आवाज गोळा करण्यासाठी! यंत्र त्याने कधी बांधले नाही. हवामानाचे भाकीत गणिताने करण्याचा पाया घालणारा रिचर्डसन तो हाच. क्वेकर पंथाचा हा कडवा शांतताप्रेमी युद्धाच्या कामापासून आयुष्यभर लांब राहिला, ही गोष्ट लक्षात ठेवा. कारण त्याच्या कल्पनेचे पुढे जे झाले ते नेमके उलटे होते.

जर्मनीत कील येथे अलेक्झांडर बेम यालाही हिमनगच शोधायचा होता. प्रयोग करताना त्याला आढळले की बर्फावरून प्रतिध्वनी अपेक्षेइतका चांगला येत नाही, समुद्राच्या तळावरून मात्र छान येतो. बेमने दिशा बदलली आणि १९१३ साली खोली मोजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढचा अडथळा पाहायला निघालेला माणूस पायाखालची जमीन मोजू लागला. सोनारच्या इतिहासात हे वळण पुन्हा पुन्हा येते.

हिमनगाचा पिच्छा खऱ्या अर्थाने पुरवला तो रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी. कॅनडात जन्मलेले फेसेंडेन बिनतारी यंत्रातून मानवी आवाज पाठवणाऱ्या अगदी पहिल्या संशोधकांपैकी. बॉस्टनच्या ज्या कंपनीने टायटॅनिकवर कान बसवले होते, तिच्यासाठीच ते काम करू लागले होते. घंटेऐवजी त्यांनी विजेवर कंप पावणारी पोलादी तबकडी घडवली. ती सेकंदाला ५४० वेळा कापे आणि पाण्यात प्रचंड आवाज सोडी. तिची खरी खुबी अशी की तीच तबकडी आवाज ऐकण्याच्याही कामी येई. तोंड आणि कान एकाच यंत्रात आले.

२७ एप्रिल १९१४. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स परिसरात, हिमनगांवर नजर ठेवण्यासाठी नेमलेले ‘मायामी’ हे अमेरिकन सरकारी गस्तीजहाज. फेसेंडेन यांचे यंत्र पाण्यात उतरवले गेले आणि समोरच्या हिमनगाच्या दिशेने आवाज सोडला गेला. थोड्या वेळाने प्रतिध्वनी परतला. जहाज अंतर वाढवत गेले आणि सुमारे दोन मैलांपर्यंत हिमनग ‘ऐकू’ येत राहिला. दोन सागरी मैलांवरच्या बर्फापर्यंत जाऊन परत यायला आवाजाला साधारण पाच सेकंद लागतात. म्हणजे हातातले घड्याळ आणि तयार कान एवढ्यावर हे मोजमाप होऊ शकत होते. हिमनगाच्या प्रतिध्वनीबरोबर तळाचाही प्रतिध्वनी मिळाला आणि खोलीही कळली. टायटॅनिकला जाऊन दोन वर्षे आणि दोन आठवडे झाले होते.

गोष्ट येथे संपायला हवी होती. संपली नाही, याला दोन कारणे.

पहिले कारण भौतिकशास्त्राचे. ५४० हर्ट्झच्या आवाजाची पाण्यातली तरंगलांबी पावणेतीन मीटरच्या आसपास भरते. इतकी लांब लहर तबकडीतून निघाली की चहूकडे पसरते. त्यामुळे दोन मैलांवर काहीतरी आहे एवढे कळे, ते नेमके कोणत्या बाजूला आहे ते कळत नसे. शिवाय लहान खडकाला ही लहर वळसा घालून निघून जाई. बारीक वस्तू टिपायची आणि आवाजाचा झोत एका दिशेने रोखायचा, तर तरंगलांबी आखूड हवी. म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, फार वरच्या पट्टीतला आवाज हवा.

दुसरे कारण राजकारणाचे. मायामीच्या प्रयोगानंतर चार महिन्यांच्या आत युरोपात महायुद्ध पेटले. जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या आणि हिमनगाला कोणी विचारेना.

१९१५ साली कॉन्स्टंटिन चिलोव्स्की या रशियन अभियंत्याने फ्रेंच सरकारपुढे पाणबुड्या शोधण्याची कल्पना मांडली. ती पॉल लांजव्हाँ यांच्याकडे आली. लांजव्हाँ हे पिएर क्यूरी यांचे विद्यार्थी. क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले होते की क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यावर वीज निर्माण होते. उलट, वीज दिली की तो आकुंचन-प्रसरण पावतो. पस्तीस वर्षे प्रयोगशाळेतली गंमत म्हणून पडून राहिलेला हा गुणधर्म लांजव्हाँ यांनी कामाला जुंपला. पोलादी पत्र्यांच्या मध्ये क्वार्ट्झच्या चकत्या बसवून त्यांनी अश्राव्य आवाजाचा अरुंद झोत तयार केला. तो झोत इतका तीव्र होता की प्रयोगाच्या टाकीत त्याच्या वाटेत आलेले मासे मरत आणि पाण्यात हात घातला तर वेदना होत. १९१८च्या आरंभी पाणबुडीवरून स्पष्ट प्रतिध्वनी मिळाले. ब्रिटनने हेच तंत्र ‘ॲस्डिक’ या नावाने वाढवले. ‘सोनार’ हे नाव दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी रडारच्या धर्तीवर पाडले: साउंड नॅव्हिगेशन अँड रेंजिंग. नावात नौकानयन आधी येते. काम मात्र शिकारीचे होते.

दोन युद्धांच्या मधल्या काळात बेमची वाट फळाला आली. १९२२ साली ‘स्ट्युअर्ट’ या अमेरिकन विनाशिकेने अटलांटिक ओलांडताना ध्वनीने खोली मोजत नेली. १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटेओर’ या जर्मन संशोधन जहाजाने दक्षिण अटलांटिकच्या पुनःपुन्हा खेपा घालून ६७ हजारांहून अधिक मोजण्या केल्या. त्याआधी खोल समुद्रातली एक मोजणी तारेने करायची तर कित्येक तास जात. समुद्रतळ सपाट आहे ही समजूत या आकड्यांनी मोडीत काढली.

येथे क्षणभर थांबून तंत्र समजून घेऊ, कारण पुढच्या तिन्ही दुर्घटनांचे मर्म त्यात आहे. आज कोकणातल्या यांत्रिक मासेमारी नौकेवर जो ‘फिश फाइंडर’ दिसतो, तो मूलतः बेमचाच वारस आहे. नौकेच्या तळाला बसवलेला स्फटिक खाली आवाज सोडतो. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १,५०० मीटर, म्हणून पंधरा मीटरांवरच्या तळाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परततो. २०० किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेसात मिलिमीटर, त्यामुळे मासाही दिसतो. पण आवाजाचा शंकू समजा वीस अंशांचा असेल, तर दहा मीटर खोलीवर तो जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचे वर्तुळ उजळतो. म्हणजे पडद्यावर दिसतो तो नौकेखालचा तळ. नाळेपुढचा खडक त्यात नसतोच. शिवाय पडदा उजवीकडून डावीकडे सरकतो आणि पाहणाऱ्याला वाटते, आपल्यापुढचे चित्र आहे. वास्तविक ते सगळे मागे पडलेले असते.

मग झोत पुढेच का रोखू नये? रोखतातही, पुढे पाहणारे सोनार आज छोट्या नौकांसाठीही मिळते. मात्र उथळ पाण्यात आडवा सोडलेला आवाज लवकरच तळाला आणि पृष्ठभागाला घासतो, लाटांवरून व तळाच्या खडबडीवरून असंख्य खोटे प्रतिध्वनी उठतात, आणि पाण्याच्या थरांचे तापमान बदलले की झोत वाकतो. अर्धवट बुडालेला ओंडका पृष्ठभागाच्या या गोंगाटात हमखास लपतो. शंभर मीटर पुढचे दिसले असे गृहीत धरले, तरी दहा नॉटने जाणाऱ्या नौकेच्या हाती वीसच सेकंद उरतात.

म्हणून शहाणे लोक अडथळे आधीच शोधून नकाशावर मांडत. अमेरिकेच्या किनारी सर्वेक्षण खात्यातील निकोलस हेक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी यासाठी तारेची पद्धत घडवून आणली. ठराविक खोलीवर ताणलेली लांबलचक तार दोन नौकांनी ओढत न्यायची. सुळका असेल तर तार अडते. दिसायला ओबडधोबड, पण दोन मोजण्यांच्या मधला सुळका निसटू न देणारी. ओळंबा आणि एकेरी झोताचे सोनार या दोघांनाही जे साधत नव्हते, ते या तारेने साधे. माझ्या मते सागरी सर्वेक्षणाच्या इतिहासात या तारेला तिचा मान मिळालेला नाही.

७ ऑगस्ट १९९२च्या रात्री ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे प्रसिद्ध प्रवासी जहाज मॅसॅच्युसेट्सच्या कटीहंक बेटाच्या दक्षिणेकडून न्यूयॉर्ककडे निघाले होते. स्थानिक वाटाड्या जहाजावर होता, वेग सुमारे २५ नॉट. नकाशावर तेथे ३९ फूट पाणी दाखवलेले, जहाजाचा बुडीत भाग सुमारे ३२ फूट. गणित बसत होते. पण तो आकडा १९३९च्या सर्वेक्षणातला होता आणि मोजण्यांच्या मधल्या खडकांचा त्याला पत्ता नव्हता. त्यात, उथळ पाण्यातून वेगाने जाणारे जहाज स्वतःच आणखी खाली बसते. ते किती बसेल याचा अंदाज चुकला. जहाज खडकांवर घासले आणि तळाची मोठी हानी झाली. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्या वेगाने जहाज स्वतःची २९३ मीटर लांबी तेवीस-एक सेकंदांत पार करत होते. तळाखालची खोली सांगणारे यंत्र ओरडले असते तरी सुकाणू वळवून काय साधणार होते?

दुसरी घटना अधिक विलक्षण आहे, कारण ती ज्या नौकेची आहे तिच्याइतके तीक्ष्ण कान क्वचितच कोणाला असतील. ८ जानेवारी २००५ रोजी ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अमेरिकन अणुपाणबुडी ग्वामच्या दक्षिणेला, सुमारे १६० मीटर खोलीवरून, पूर्ण वेगाने जात असताना समुद्रातल्या पर्वतावर आदळली. एक नौसैनिक मरण पावला, सुमारे शंभर जखमी झाले. तिचे सोनार होते कोठे? ते जागेवरच होते आणि ऐकत होते. पाणबुडीचे सारे अस्तित्व लपण्यावर अवलंबून असते. आवाज सोडला तर स्वतःचा ठावठिकाणा उघड होतो. म्हणून ती बहुतेक वेळ केवळ श्रवण करते, आणि पर्वत बोलत नाही. वापरात असलेल्या नकाशावर तो पर्वत नव्हता. तिच्यावरच्या अन्य नकाशांवर मात्र त्या परिसरात धोक्याची सूचक खूण होती, ती कोणी उतरवून घेतली नव्हती. अब्जावधींच्या यंत्रणेसह ही पाणबुडी १९१२च्या टायटॅनिकच्या नेमक्या जागी उभी होती: कान शाबूत, समोर मौन संकट.

टायटॅनिकचे अवशेष शोधण्याची कथाही या धाग्याला शोभेशीच आहे. १९८५च्या उन्हाळ्यात फ्रेंच पथकाने दोन्ही बाजूंना ध्वनिझोत टाकणाऱ्या ओढत्या सोनारने शोधक्षेत्राचा मोठा भाग विंचरून काढला आणि अवशेष अगदी थोडक्यात हुकले. पुढे १ सप्टेंबरला, अमेरिकन जहाजावरून सोडलेल्या कॅमेऱ्यात तिची वाफेची टाकी दिसली. ज्या दुर्घटनेने सोनारला जन्म दिला, ती सोनारला नाही सापडली.

तिसरी घटना आपल्या दारातली. ७ ऑगस्ट २०१० रोजी, म्हणजे क्वीन एलिझाबेथच्या अपघाताला बरोबर अठरा वर्षे झाली त्याच तारखेला, मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रा एका अंगावर कलली आणि तिच्यावरचे शेकडो कंटेनर समुद्रात घसरले. तेलाच्या तवंगाची छायाचित्रे सर्वत्र झळकली, पण बंदराच्या दृष्टीने खरी पंचाईत वेगळी होती. तरंगणारे कंटेनर डोळ्यांना दिसत होते, बुडालेले कोठे आहेत ते कोणालाच ठाऊक नव्हते. जहाजांच्या खोदलेल्या मार्गिकेत पोलादी पेटी उभी राहिली असेल, तर पुढच्या जहाजाचा तळ फाटणार. मुंबई बंदर आणि जवाहरलाल नेहरू बंदर, दोन्हींची वाहतूक काही दिवस ठप्प झाली.

ऑगस्टचा महिना, खाडीतून येणारे गढूळ पाणी. पाणबुड्याला खाली स्वतःचा हात दिसणे मुश्कील. तेथे नौदलाला आवाजाचाच आधार होता. अशा शोधात जहाज जाताजाता अडथळा चुकवत नसते. मार्गिकेचे पट्टे आखायचे, एकेका पट्ट्यावरून संथपणे जायचे, शेजारचा पट्टा थोडा आधीच्यावर चढवायचा, आणि सपाट चिखलात काटकोनी आकृती किंवा तिची लांब सावली दिसली की जागा टिपून ठेवायची. मार्गिका अशी तपासून झाल्यावर जहाजे आधी मोजकी, जपून, आणि मग नेहमीसारखी ये-जा करू लागली.